करवतबाईंचं तणाचं पुस्तक

करवतबाईंसमोर कुणी पुस्तकाला ‘छान’ म्हटलं, की त्याचा चहा गेलाच. ही थट्टा नाही. देऊळघाटच्या वाचनालयात दर रविवारी दुपारी आम्ही काही जण जमायचो. तिथला स्टोव्ह बाईंचा, पातेलं बाईंचं, आणि चहा कुणाला द्यायचा हे ठरवायच्याही बाईच. “छान तर मेथी बी असते,” त्या म्हणत. “पुस्तकानं तुले काय केलं, ते सांग.” ते सांगता आलं नाही, तर माणूस कितीही लांबून आलेला असो, बाकीच्यांच्या कपातली वाफ बघत बसायचा.

त्यांचं खरं नाव अर्थातच वेगळं होतं. जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये विज्ञान शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि शेवटची नोकरी देऊळघाटला होती म्हणून तिथेच एका खोलीत राहिल्या. तोंडावर सगळे त्यांना मॅडम म्हणत, पाठीमागे करवतबाई. हे त्यांना माहीत होतं. एकदा त्याच म्हणाल्या, “ते नाव मले शोभत नाई. करवतीले दात लागतात. माहे तर अर्धे पडले.”

वाचनालयाच्या मागच्या कपाटातली पुस्तकं कुणी नेत नसे, आणि बाईंना तेवढीच पुस्तकं प्यारी. कादंबरी नको, कविता नको. मोठ्या माणसाचं चरित्र कुणी आणलं, तर त्या हात जोडत आणि म्हणत, “यायले वाचक लय हायत. यायले आपली गरज नाई.” बुलडाण्याच्या रद्दीच्या दुकानातून त्या स्वतःही पुस्तकं उचलून आणत. चष्म्याच्या भिंगांवरचं एक होतं, दगडी पुलांवरचं एक, टोळांवरचं एक, गाढवांवरचंसुद्धा एक होतं. पुस्तक हातात आलं की त्या ते मधूनच उघडत. “सुरुवातीले सगळेच लेखक आंघोळ करून बसलेले असतात,” असं त्यांचं म्हणणं.

आमच्या या रविवारच्या मंडळाचा नियम एकच होता. वाचणाऱ्याने उभं राहायचं, पुस्तक मिटून टेबलावर ठेवायचं आणि त्याबद्दल बोलायचं. बोलून झालं की बाकीच्यांपैकी ज्याला ते वाचावंसं वाटेल, त्याने तिथल्या तिथे उचलायचं. कुणीच उचललं नाही, तर ते बोलणाऱ्याबरोबर परत त्याच्या घरी जायचं आणि पुढच्या रविवारी त्याने पुन्हा उभं राहायचं. याला आम्ही ‘पुस्तक घरी गेलं’ म्हणायचो. कुणाला बरं वाटावं म्हणून पुस्तक उचलणं हा सगळ्यात मोठा गुन्हा होता. “कीव करून उचलणाऱ्याचा हात मोडीन,” बाई म्हणायच्या. त्या खरंच मोडतील, असं आम्हाला वाटायचं.

मी बारावीत असताना तिथे गेले. आमच्या घरात तोवर अभ्यासाशिवाय दुसरं पुस्तक आलं नव्हतं. वडील वांगी आणि मेथी लावतात, आई त्यांच्याबरोबर वावरात असते. मला बाईंनी ते भिंगांचं पुस्तक दिलं. रविवारी उभी राहून मी म्हणाले, “या पुस्तकात लेखकाने खूप उपयुक्त माहिती दिली आहे.”

“माहिती तर बस स्टँडवरच्या बोर्डावर बी असते,” बाई म्हणाल्या. “नाव काय वं तुहं?”

“कोमल.”

“नाव कोमल आन आवाज त्याच्याहून कोमल. मागच्यायले ऐकू गेलं का कोणाले?”

सगळे हसले. पुस्तक घरी गेलं. पुढच्या रविवारी गेलं, त्याच्या पुढच्याही. मी रडले की त्या विचारायच्या, “काऊन रडून राह्यली? पुस्तकात रडण्यासारखं हाय का काही? असंन तर सांग, कोणी तरी उचलंन.” मी घरी जाऊन तेच पान पुन्हा वाचायचे. शेवटी एका रविवारी मी घाबरतच सांगितलं, की माझ्या आजीला सुईत दोरा ओवता येत नसे. म्हातारपण आहे, असं आम्ही सगळे समजत होतो. हे पुस्तक वाचताना कळलं, की तिला फक्त चष्मा हवा होता, आणि तो कुणी तिला आणून दिला नाही. मंडळातल्या गजाननभाऊंनी हात पुढे करून पुस्तक उचललं.

बाई म्हणाल्या, “बस.” आणि माझ्यापुढे कप सरकवला. त्यांच्याकडून मिळालेलं एवढंच कौतुक. चहात साखर कमी होती.

हे गजाननभाऊ विहिरींवरच्या जळालेल्या मोटारींचं रिवाइंडिंग करायचे. त्यांच्या बाबतीत बाई फार वाईट वागल्या, असं मला अजून वाटतं. त्यांची आई जाऊन महिनाही झाला नव्हता. ते मधमाश्यांवरच्या एका पुस्तकाबद्दल बोलत होते. बोलता बोलता ते आईवर आले. “आमची माय बी अशीच राबली जलमभर,” ते म्हणाले.

“माय ठेव बाजूले,” बाई म्हणाल्या. “मायच्या नावावर पुस्तक खपवू नको बे.”

गजाननभाऊंनी पुस्तक पिशवीत घातलं आणि ते निघून गेले. पुढच्या रविवारी मात्र ते आले, उभे राहिले आणि नुसत्या मधमाश्यांबद्दल बोलले. पुस्तक उचललं गेलं. बाईंनी दिलेला चहा त्यांनी प्यायला नाही.

एवढं असूनही आम्ही का जायचो, हे मला नीट सांगता येत नाही. कदाचित आमचं बोलणं इतकं कान देऊन ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं, म्हणून. माझ्या कॉलेजचा प्रश्न निघाला, तेव्हा वडील म्हणाले, झालं तेवढं पुरे. बाईंना कसं कळलं माहीत नाही, पण त्या आमच्या घरी आल्या. आईने टाकलेल्या सतरंजीवर न बसता उभ्यानेच म्हणाल्या, “दादा, किडकी वांगी बाजारात नेताना तुमाले लाज वाटत नाई, मंग पोरगी कॉलेजले पाठवताना कायची लाज?”

वडील चिडले. “मॅडम, पोरगी हुशार हाय का, ते तरी सांगा.”

“हुशार नाई,” माझ्याकडे बघत बाई म्हणाल्या. “चिवट हाय. कॉलेजले तेवढं पुरते.”

त्या संध्याकाळी मला दोन्ही गोष्टींचं, ‘हुशार नाई’चं आणि ‘चिवट हाय’चं, रडू आलं. पण जूनमध्ये माझा प्रवेश झाला.

आता त्यांच्या पुस्तकाबद्दल. बाईंनी स्वतः एक पुस्तक लिहिलं होतं, हे आम्हाला ऐकून माहीत होतं. देऊळघाटच्या भाजीच्या वावरांत उगवणाऱ्या तणांवरचं. नोकरीत असल्यापासून त्या सुट्टीच्या दिवशी बांधाबांधाने फिरत, वाकून एकेक गवत बघत. तण निंदायला आलेल्या बाया एकमेकींना म्हणायच्या, “मॅडम बी निंदून राह्यल्या, पण एकच काडी उपटतात आन तिले पाहत बसतात.” बुलडाण्याच्या एका छापखान्यात त्यांनी ते छापून घेतलं. गठ्ठे त्यांच्या दिवाणाखाली होते. ते पुस्तक त्यांनी कधी कुणाला दिलं नाही. बहुतेक त्या आम्ही तयार व्हायची वाट बघत होत्या. आमच्या हातून ते उचललं जावं, एवढंच त्यांना हवं होतं, आणि हे न सांगताही आम्हा सगळ्यांना समजत होतं.

मी पहिल्या वर्षाला असताना, एका रविवारी त्या टेबलासमोर स्वतः उभ्या राहिल्या. पुस्तक मिटून ठेवलं. मग पिशवीतून एक कागद काढला आणि वाचायला लागल्या. आम्ही त्यांना इतकं शुद्ध बोलताना कधी ऐकलं नव्हतं. “प्रस्तुत पुस्तकात स्थानिक तणांचा सखोल परिचय अत्यंत परिश्रमपूर्वक करून देण्यात आला आहे.”

त्यांचं वाचून झाल्यावर तलाठीकाका, म्हणजे आमच्यातले निवृत्त तलाठी, घसा साफ करून म्हणाले, “मॅडम, पुस्तकानं तुमाले काय केलं, ते सांगा.”

सगळे हसले. बाई हसल्या नाहीत. गजाननभाऊ म्हणाले, “मॅडम, लोकं दिवसभर निंदून घरी येतात. घरी येऊन पुन्हा निंदनच वाचावं का त्यायनं?”

हशा आणखी मोठा झाला. कुणी पुस्तक उचललं नाही. बाईंनी ते पिशवीत घातलं आणि म्हणाल्या, “नियम म्हंजे नियम.” त्या दिवशी तलाठीकाकांचं पुस्तक उचललं गेलं होतं. बाईंनी त्यांना चहा दिला, स्वतः घेतला नाही.

पुढच्या रविवारी त्या कागद न घेता आल्या. पण त्या दिवशी आपण किती वर्षं फिरलो, किती ऊन सोसलं, हे सांगत बसल्या. गजाननभाऊ शांतपणे म्हणाले, “मेहनत ठेवा बाजूले मॅडम.” बाईंनी मान हलवली, जणू एखाद्या विद्यार्थ्याने बरोबर उत्तर दिलं. पुस्तक घरी गेलं.

तिसऱ्या रविवारी त्या लव्हाळा या तणाबद्दल बोलल्या. फक्त लव्हाळ्याबद्दल, आणि आपल्या बोलीत. “तुमी त्याले उपटता. वरची पात हातात येते, तुमाले वाटते झालं. त्याची गाठ खाली मातीत राह्यते. एकीच्या खाली दुसरी, दुसरीच्या खाली तिसरी. उपटणाऱ्याले तो काही बोलत नाई. आठ दिवसानं वर येते आन पाहते, कोण हाय अजून.” मग म्हणाल्या, “मी लहानपणी मायसंग निंदाले जायची. मायनं मले त्याचं नाव सांगतलं होतं. बाकी कोणत्याच गवताचं नाव तिले माहीत नव्हतं. सगळ्यायले ती तणच म्हने. मले वाटलं, एवढे जण हायत, नावं तर पाहिजेत ना यायले.”

आईचा उल्लेख झाला, तेव्हा मी गजाननभाऊंकडे पाहिलं. ते बाईंकडे बघत नव्हते. टेबलावरच्या पुस्तकाकडे बघत ते म्हणाले, “आता कोणी उचललं, तर ते पुस्तकासाठी का मॅडमसाठी, हे कसं वळखावं?”

मला ते पुस्तक हवं होतं. पण ते पुस्तकासाठी हवं होतं की बाईंसाठी, हे मला ठरवता येईना. खात्री नसेल तर हात पुढे करायचा नाही, हे आम्हाला बाईंनीच शिकवलं होतं. बाई एकेकाच्या हाताकडे बघत गेल्या. माझ्याही हातांकडे पाहिलं. मग त्यांनी पुस्तक उचललं आणि स्टोव्ह पेटवायला वळल्या. “गजानन,” पाठमोऱ्याच म्हणाल्या, “चांगला शिकला बे तू.”

त्यानंतरच्या हिवाळ्यात त्या पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. नाशिकहून पुतण्या आला आणि त्यांना घेऊन जायचं ठरलं. खोली रिकामी करायला मी कॉलेज बुडवून गेले. पुतण्याने दिवाणाखालचा पहिला गठ्ठा ओढला, तर खालून मातीच पडली. वाळवी लागली होती. दुसरा गठ्ठा, तिसरा, सगळ्यांचं तेच. पानांच्या जागी मातीच्या नळ्या, कुठे पानाची कड, कुठे अर्ध्या गवताचं चित्र.

बाई खुर्चीत बसून बघत होत्या. म्हणाल्या, “भेटले वं वाचक. एक पान सोडलं नाई.”

पुतण्या हसला. त्याला वाटलं, म्हातारी गंमत करते आहे.

वाळवीतून एकच प्रत वाचली होती, रविवारच्या पिशवीतली. मी ती मागितली. मला वाटतं, आयुष्यात मी पहिल्यांदाच काहीतरी असं सरळ मागितलं असेल.

“काऊन पाहिजे?”

“वाचायला.”

“टेबलावर होतं, तवा काऊन नाई उचललं?”

“तेव्हा खात्री नव्हती.”

“आन आता?” त्यांनी मातीच्या ढिगाकडे बोट केलं. “हे पाहून खात्री आली का?”

मी उत्तर शोधत होते, आणि त्या वाट बघत होत्या, अगदी रविवारी बघायच्या तशाच. मग त्यांनी पिशवी मांडीवर ओढून घेतली. “कीव करून राह्यली तू. जाय. चहा पाजला असता, पण स्टोव्ह बांधला पुतण्यानं.”

गाडीत बसवताना मी त्यांचा हात धरला होता. हाताला वजनच नव्हतं. काच वर करण्याआधी म्हणाल्या, “कॉलेजात ‘छान’ म्हणू नको कोणत्या पुस्तकाले.” त्या उन्हाळ्यात त्या वारल्या. पुतण्याला मी फोन केला, पुस्तकाचं विचारलं. तो म्हणाला, कोणतं पुस्तक? त्यांचं सामान कधीच देऊन टाकलं. फोन करून उपयोग झाला नाही, पण या वेळी विचारताना मला खात्री होती, एवढं लिहिते.

आता मी बुलडाण्याला होस्टेलवर असते. खोलीत लोणारकडच्या सुलतानपूरची एक मुलगी आहे. तिच्याही घरी शेती, तीही घरातली कॉलेजात आलेली पहिलीच. परवा संध्याकाळी ती चिडून सांगत होती, की सुट्टीत घरी गेलं की आई निंदायला नेते आणि तो मेला लव्हाळा संपतच नाही. मी तिला त्या गाठींबद्दल सांगायला लागले. एकीच्या खाली दुसरी, दुसरीच्या खाली तिसरी. केव्हा उठून उभी राहिले, मला कळलं नाही. बाईंच्या आईबद्दल सांगितलं, नावं नसलेल्या गवतांबद्दल सांगितलं. ‘छान’ म्हणाले नाही. समोर टेबल होतं, त्यावर काही नव्हतं.

मी थांबले, तेव्हा तिने हात पुढे केला.

“दे मले ते पुस्तक,” ती म्हणाली. “मले वाचाचं हाय.”

मी म्हणाले, “ते घरी गेलं.”

तिला समजलं नाही. तिचा हात बराच वेळ तसाच टेबलावर पुढे होता.