वाटाण्यांचा फ्रीज

अक्काचं बाळ सातव्या महिन्यातच जन्मलं, तेव्हा आमच्या घरातला फ्रीज एकवीस वर्षांचा होता. त्याच्या आतल्या फ्रीझरची झडप कधीच तुटली होती. बर्फ व्हायचा तो भिंतींवर. ट्रेमधलं पाणी मात्र दुपारपर्यंत पाणीच राहायचं. आम्हाला त्याचं काही वाटत नसे. दही, ताक, कोथिंबीर आणि अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, डोळ्यांत घालायचे थेंब, एवढ्यांसाठी तो पुरे होता.

अक्का, माझी मोठी बहीण, बाळंतपणासाठी माहेरी आली होती. ती केशवापूरला आमच्याकडे घरी परतली, पण बाळ धारवाडच्या वाटेवर, रायापूरच्या बाजूच्या दवाखान्यात, काचेच्या पेटीत राहिलं. अकराशे ग्रॅमचं. भावोजींची रजा संपली होती. ते रोज फोन करून बाळाचं वजन विचारत.

दर तीन तासांनी अक्का पंपाने दूध काढायची. बाळाला एका वेळी दोन मिलिलिटर द्यायचे. मी ते घरी पाणी घेऊन मोजून पाहिलं. चहाचा चमचा अर्धासुद्धा भरला नाही. दवाखान्यातल्या फ्रीजमध्ये एका दिवसापुरतंच दूध ठेवून घेत. बाकीचं रोज उरे. ते न्हाणीत ओतायला आईने सक्त मनाई केली होती. अंगावरचं दूध पायदळी येता कामा नये, असं आमच्यात मानतात. म्हणून आई ते वाटीतून परसात नेई आणि कढीलिंबाच्या बुंध्याशी ओती. ओतताना ती काहीतरी पुटपुटायची. अक्का खिडकीतून बघायची. तिला ते बघवत नव्हतं आणि तरी ती दर वेळी खिडकीशी येऊन उभी राहायची.

दवाखान्यातल्या सिस्टरनी एक दिवस मलाच बाजूला घेऊन सांगितलं, "ओतू नका. गोठवा. पण साध्या फ्रीजच्या कप्प्यात नाही. फ्रीझरला वेगळं दार हवं, दगडासारखं घट्ट गोठायला हवं. आत्ता तिला भरपूर येतंय, पुढे येईलच असं नाही. आणि ह्या बाळांच्या पोटाला दुसरं दूध झेपेलच असं नाही."

मी मान डोलावली. मी नेहमी मानच डोलावते. माझी शाळा इंग्रजी, घर मराठी, रस्ता कानडी. तिन्ही भाषा येतात आणि तिन्हींत मी कमीच बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईच्या शिवणाच्या टेपने स्वयंपाकघरातली जागा मोजली. ओटा आणि देवघराचं दार यांच्यामध्ये एक कोनाडा आहे, पूर्वी तिथे पाण्याचा हंडा असायचा. रुंदी चोवीस इंच. अप्पांनी माझ्या मागून येऊन पुन्हा मोजलं. चोवीसच निघाले, तेव्हा ते जरा नाराज झाले. मग ते अक्काजवळ थांबले आणि आई आणि मी कोप्पीकर रोडवरच्या फ्रीजच्या दुकानात गेलो.

"तू गप्प बस हं," रिक्षातून उतरताना आई म्हणाली. "मी बोलते." हे सांगायची काही गरज नव्हती.

दुकानात फ्रीज ओळीने उभे होते. विकणारे गृहस्थ पन्नाशीचे, किडकिडीत. गुरांच्या बाजारात म्हशीच्या पाठीवर थाप मारतात तसे ते प्रत्येक फ्रीजवर थाप मारून बोलायचे. बोलणं सगळं कानडीत चाललं होतं, मी इथे मराठीत लिहिते आहे.

"या अम्मा, या. किती माणसं घरात?"

"चार," आई म्हणाली. मग थांबून म्हणाली, "साडेचार."

"शाकाहारी?"

"हो तर."

"मग हा घ्या." एका दाराच्या छोट्या लाल फ्रीजवर थाप. "जागा कमी, वीज कमी. वरती हा बर्फाचा कप्पा. तुम्हाला आणखी काय हवं?"

"वेगळ्या दाराचा फ्रीझर हवा," आई म्हणाली.

"शाकाहारी माणसाला फ्रीझर कशाला? काय ठेवणार त्यात?"

मी आईकडे पाहिलं. तिचा चेहरा गोरामोरा झाला होता. शेजारी एक नवरा-बायको वॉशिंग मशीन बघत होते, पलीकडे दोन कॉलेजची मुलं उभी होती. पंचवीस वर्षं शाळेत गणित शिकवलेली माझी आई पदर सारखा करत म्हणाली, "वाटाणे."

"वाटाणे?"

"हो. हिवाळ्यात सोलून ठेवते. वर्षभराचे."

"किती वाटाणे, अम्मा?"

"बरेच."

"लग्नकार्य आहे काय घरात?" ते माझ्याकडे बघून हसले. "तंगीचं?" तंगी म्हणजे धाकटी बहीण. मी एका फ्रीजच्या हँडलकडे बघू लागले.

"नाही हो. आवडतात आम्हाला."

"मग ऐका माझं. वाटाण्याला हाच कप्पा चालतो. महिन्यातून एकदा हे बटण दाबायचं, साचलेला बर्फ वितळतो, वाटाणे जरा मऊ पडतात, पुन्हा गोठतात. वाटाण्याला काय कळतंय? दोन दारांचा घेऊन उगाच कशाला पैसे घालवता? मी तुम्हाला फसवणार नाही."

आणि खरंच, ते फसवत नव्हते. तो माणूस इतका प्रामाणिक होता की महाग वस्तू आम्हाला विकायला तयार नव्हता. आईने मोठ्या फ्रीजकडे बोट दाखवलं की ते वाटाण्यांची बाजू घेऊन तिला परत लाल फ्रीजशी आणत. ती वाटाण्यांत आणखी आणखी रुतत चालली होती. शेवटी मटार उसळीची कृती सांगण्यापर्यंत मजल गेली. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन काढलं आणि विचारलं, "मग लालच लिहू?"

आईने माझ्याकडे पाहिलं. मला कळलं, ती हो म्हणणार आहे. खोटं मागे घेण्यापेक्षा ते विकत घेऊन घरी नेणं तिला सोपं वाटत होतं. आणि मला ते बटण दिसत होतं. महिन्यातून एकदा दाबायचं. सगळं वितळतं. अक्का खिडकीशी उभी आहे.

इंग्रजीत बोलावं असं आधी मनात आलं. इंग्रजी शब्द पुस्तकातले असतात, ते आपल्या अंगाला चिकटत नाहीत. पण त्यांना चटकन कळायला हवं होतं.

"वाटाणे नाहीत," मी कानडीत म्हणाले. माझा आवाज अपेक्षेपेक्षा बराच मोठा निघाला. "तायी हालू. आईचं दूध ठेवायचंय. माझ्या बहिणीचं. बाळ दवाखान्यात आहे, ते वितळलेलं चालणार नाही."

वॉशिंग मशीन बघणारी बाई वळली. आईने डोळे मिटून घेतले. माझे कान इतके तापले की समोर एवढे फ्रीज असून उपयोग नव्हता.

त्या गृहस्थांनी पेनाचं टोपण लावलं. ते माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते. "कितव्या महिन्यात?"

"सातव्या."

"वजन?"

"अकराशे."

"माझा धाकटा चौदाशेचा होता," ते म्हणाले. "आता माझी चप्पल त्याला होत नाही." मग आईकडे वळून, एकदम वरच्या पट्टीत, "आणि अम्मा, तुम्ही मला वाटाणे सांगत बसलात! हा लाल फ्रीज मी तुमच्या गळ्यात मारला असता आणि ते पाप माझ्या डोक्यावर बसलं असतं!"

आई म्हणाली, "पुरुष माणसाला कसं सांगायचं?" आणि त्याच पुरुष माणसासमोर ती रडायला लागली. वॉशिंग मशीनवाल्या बाईने तिला स्टूल आणून दिलं.

त्यानंतर त्यांनी एकाही फ्रीजवर थाप मारली नाही. कोनाड्याची रुंदी विचारली, दोन्ही बाजूंना बोटभर आणि मागे वीतभर हवा खेळायला जागा लागते हे सांगितलं, देवघराचं दार कुठे उघडतं तेसुद्धा विचारलं. मग कोपऱ्यातला एक राखाडी, अंगाने बारीक, दोन दारांचा फ्रीज दाखवला. त्यातला बर्फ आपला आपण निघून जातो, बटण दाबायला लागत नाही. तो नमुन्याचा म्हणून चालू ठेवलेला होता. त्यांनी वरचं छोटं दार उघडलं आणि म्हणाले, "तंगी, हात घाल आत."

मी हात घातला. थंडी म्हणजे काय ते मला माहीत आहे असं मला वाटत असे. हे वेगळं होतं. कोरडं, स्तब्ध, गावातल्या कुठल्याही हिवाळ्यापेक्षा जुनं वाटावं असं काही तरी. बाहेर कोप्पीकर रोडवर ऊन रणरणत होतं, बसचे हॉर्न वाजत होते आणि ह्या दोन फुटांच्या पेटीत काहीही बदलत नव्हतं. हात बाहेर काढल्यावरही किती वेळ तो माझा वाटेना.

"घरी पोचला की चार तास नुसता उभा राहू दे," ते म्हणाले. "मग रिकामाच चालू करा. रात्रभर थंड होऊ दे. उद्या सकाळी दूध ठेवा. दुधाची पाकिटं दारात नाही, आत, मागच्या भिंतीशी. आडवी."

त्या संध्याकाळचं दूध शेवटचं म्हणून कढीलिंबाला गेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्काने दूध भरलेलं पहिलं प्लास्टिकचं पाकीट माझ्या हातात दिलं. मी त्यावर तारीख आणि वेळ लिहिली आणि ते मागच्या भिंतीशी आडवं ठेवलं. दुपारी आम्ही तिघी दार उघडून उभ्या राहिलो. पाकीट पोस्टकार्डासारखं ताठ झालं होतं. मी ते खिडकीच्या उजेडात धरलं. पांढरं नव्हतं ते. एका कडेला निळसर, दुसऱ्या कडेला हळदीच्या पाण्यासारखं. अक्का स्वतःशीच म्हणाली, "हे माझ्यातून आलं?"

पुढे पाकिटं वाढत गेली. सकाळचं दूध पातळ दिसायचं, रात्रीचं दाट. गोठून ताठ झाली की मी ती तारखेप्रमाणे उभी लावी, ग्रंथालयात पुस्तकं लावतात तशी. अप्पा देवाला नमस्कार करून वळले की सहज केल्यासारखं वरचं दार उघडून बघत आणि आईचा ओरडा खात: "थंडी जाते हो!" आईने शनिवारी बाजारातून वाटाणे आणले, सोलले आणि मूठभर एका पिशवीत बांधून दाराच्या कप्प्यात ठेवले. "बोलले ते खोटं नको व्हायला," ती म्हणाली.

तिसऱ्या आठवड्यात अक्काला ताप भरला. दोन दिवसांत दूध जवळजवळ आटलं. ती पंप लावून बसायची आणि बाटलीचा तळ नुसता ओला व्हायचा. ती रडली नाही. तिने मला विचारलं, "किती आहेत?"

"चौऱ्याहत्तर," मी म्हणाले. मला मोजावं लागलं नाही.

त्या दिवशी मी सगळ्यांत जुनी चार पाकिटं बर्फाच्या डब्यात घातली आणि डबा मांडीवर घेऊन धारवाडच्या बसमध्ये बसले. शेजारच्या बाईंनी विचारलं, "आईस्क्रीम काय?" मी त्यांना खरं काय ते सांगितलं. त्यांनी आपली पिशवी पायाशी घेतली आणि मला टेकायला जास्त जागा करून दिली.

सिस्टरनी पाकीट कोमट पाण्यात धरलं. पोस्टकार्डाचं पुन्हा दूध झालं. मला काचेबाहेरून बघायची परवानगी होती. बाळाच्या तोंडातून शेवईएवढी नळी आत गेली होती. सिस्टरनी तिच्या टोकाला बिनदट्ट्याची सिरिंज लावली, त्यात दूध ओतलं आणि सिरिंज नुसती उंच धरली. दाबायचं काही नव्हतं. आता दोन नाही, बारा मिलिलिटर. पाकिटावर मी लिहिलेली तारीख एकोणीस दिवसांपूर्वीची होती. त्या सकाळी अक्काला ताप नव्हता, त्या सकाळी ते दूध कढीलिंबाखाली जायचं राहिलं होतं.

दूध खाली उतरू लागलं. इतकं हळू की उतरतंय हे फक्त रेघांवरून कळे. दहा. नऊ. बाळाने एक हात उघडला आणि पुन्हा मिटला. मी काचेला कपाळ टेकवून रेघा मोजत होते. सिरिंज खाली आली तेव्हा सिस्टरनी माझ्याकडे बघून मान डोलावली. या वेळी मी मान डोलावली नाही. मोठ्याने विचारलं, "सगळं गेलं?"

"सगळं," त्या काचेपलीकडून म्हणाल्या.