वहीत नसलेल्या मुली

आमच्या घरमालकीणबाई निवृत्त शिक्षिका होत्या. कशाच्या, तर कवायतीच्या. मुलींच्या शाळेत तीस वर्षं शिट्टी फुंकून त्या घरी बसल्या आणि घरी बसवेना म्हणून वरच्या दोन मजल्यांवर कॉलेजच्या मुली ठेवायला लागल्या. आम्ही त्यांना तोंडावर बाई म्हणायचो आणि माघारी हजेरी. रोज संध्याकाळी साडेसातला त्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभ्या राहून हजेरी घ्यायच्या. नावं नाहीत, नुसते क्रमांक. अकरा मुली होत्या, अकरा वेळा 'हजर' ऐकू आलं की फाटकाला कुलूप लागायचं आणि किल्ली बाईंच्या कमरेला जायची.

मी तिथे तीन वर्षं राहिले, तेव्हा त्यांच्याबद्दल बोलायचा अधिकार मला आहे असं मी धरून चालते. बाई वाईट होत्या असं नाही. मला टायफॉइड झाला तेव्हा चार रात्री त्या माझ्या उशाशी बसून होत्या. गुडघे दुखत असताना दिवसातून सहा वेळा जिना चढायच्या. एका मुलीच्या बुटाचा तळ सुटला तर स्वतः दाभण घेऊन शिवत बसल्या होत्या. आणि हे सगळं करताना तोंड अखंड चालू. कोण सुरकुतलेला ड्रेस घालून गेलं, कुणी बादली नळाखाली तशीच सोडली, काही म्हणता काही सुटायचं नाही.

कुणी आईवडील मुलीसाठी खोली बघायला आले की बाईंचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "एकोणीस वर्षं झाली, माझ्या पोरींच्या केसालाही धक्का लागलेला नाही." मग त्या हजेरीची वही काढून दाखवायच्या. सुबक अक्षर, सरळ रेघा, कुठे खाडाखोड नाही. आईवडिलांचा जीव भांड्यात पडायचा. कुठल्याही आईबापाचा पडला असता.

ती वही इतकी स्वच्छ कशी राहते, ते मला पहिल्याच वर्षी वरच्या मजल्यावरच्या एका जुन्या मुलीने सांगितलं. ज्या मुलीच्या बाबतीत काही घडतं, तिला बाई दुसऱ्या दिवशी घरी पाठवतात. कुणी बसस्टॉपवर हात लावला असो, कुणी मागे लागलं असो, कुणाचं पाकीट हिसकावलं असो. मुलगी गेली की बाई नवी वही आणतात, पहिल्या पानापासून सगळी नावं पुन्हा लिहून काढतात, त्या मुलीचं नाव सोडून. खालचे क्रमांक एकेक वर सरकतात आणि जुनी वही बंबात जाते. म्हणजे बाई खोटं बोलत नव्हत्या. वहीत असलेल्या मुलींच्या केसाला खरंच कधी धक्का लागलेला नव्हता.

म्हणून वरच्या मजल्यावर एकच नियम होता, की बाईंना काही सांगायचं नाही. रस्त्यात काय वाट्टेल ते होवो, फाटकातून आत येताना तोंड धुतल्यासारखं ठेवायचं.

माझ्या खोलीत राहणाऱ्या मुलीला आम्ही टाचणी म्हणायचो, कारण ती तशीच होती, बारीक आणि टोचणारी. लॅब टेक्निशियनच्या शेवटच्या वर्षाला होती. तिचे वडील शिंपी. घरात कॉलेजपर्यंत पोचलेली ती पहिलीच, आणि परीक्षा झाली की एका मोठ्या लॅबमध्ये तिची नोकरी जवळजवळ ठरलेली. फक्त प्रॅक्टिकल राहिलं होतं. ती भिंतीवर पेन्सिलने दिवस खोडायची आणि मला ऐकवायची, "तू बघच, पहिल्या महिन्यातच मी या हजेरीच्या तावडीतून सुटते की नाही."

आमच्या कोपऱ्यावर एक झेरॉक्सचं दुकान होतं. प्रिंट हवी असेल तर फाइल दुकानदाराच्या मोबाइलवर पाठवायची, दुसरी सोय नव्हती. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक मुलीचा नंबर त्याच्याकडे आपसूक जमा झालेला. जर्नलच्या पहिल्या पानावर नाव, कॉलेज, शाखा, बॅच सगळं छापलेलं असतं, तेही त्याने वाचलेलं. दुकानात तो सगळ्यांना ताई म्हणायचा. टाचणीला मेसेज करताना मात्र ताई नसायचं. पहिल्या आठवड्यात 'जेवलीस का', दुसऱ्या आठवड्यात 'आज निळ्यात छान दिसत होतीस'. तिने नंबर ब्लॉक केला, तर तो तिची बॅच सुटायच्या वेळेला कॉलेजच्या दाराशी उभा राहायला लागला. वेळ त्याला ठाऊक होतीच, वेळापत्रकाची प्रिंटही त्यानेच काढली होती.

मग एका संध्याकाळी, पाच वाजता, भर उजेडात, बेकरीसमोर त्याने तिचं मनगट धरलं आणि "ब्लॉक का केलंस?" म्हणून विचारलं. मी बरोबर होते. बेकरीवाल्या काकू काउंटरवरचे पाव सारखे करत राहिल्या. टाचणीने हात सोडवून घेतला आणि आम्ही चालत घरी आलो, पळालो नाही. साडेसातला तिने 'हजर' म्हटलं तेव्हा तिचा आवाज रोजच्यासारखाच होता.

खोलीत आल्यावर ती म्हणाली, "अकरा दिवस. अकरा दिवस कुणाला काही बोलू नकोस."

"आणि मधेच त्याने काही केलं तर?"

"केलं तर केलं. प्रॅक्टिकल झाल्यावर मी स्वतः पोलिसात जाते. आत्ता नको. हजेरीला कळलं तर मी संपले."

मी हो म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी शब्द मोडला. त्याचं कारण सांगते, सबब म्हणून नाही. त्या दिवशी कॉलेजात सुरक्षिततेवर व्याख्यान होतं. गणवेशातल्या एक अधिकारी बाई आल्या होत्या. त्या टेबलावर हात आपटून म्हणाल्या, गप्प बसू नका, विश्वासातल्या मोठ्या माणसाला सांगा. मला ते पटलं. रात्रभर टाचणी झोपेत दचकताना मी पाहिलं होतं. शिवाय टायफॉइडच्या वेळचा बाईंचा हात मला आठवत होता. जी बाई आपल्याला रोज मोजते ती आपल्याला सांभाळेल, असं मला वाटलं. इतकी मूर्ख मी त्याआधी कधी नव्हते आणि नंतरही झाले नाही.

बाईंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मला चहा दिला. मधे एकदाही ओरडल्या नाहीत.

"किती दिवस चाललंय?"

"तीन आठवडे."

"आणि मला आज कळतंय." त्यांनी चष्मा पुसला. "तिच्या वडिलांचा नंबर बदललाय की तोच आहे?"

मला वाटलं होतं, तो कोण म्हणून विचारतील. विचारत नाहीत म्हटल्यावर मीच सांगितलं, "बाई, तो कोपऱ्यावरचा झेरॉक्सवाला."

"असेल. त्याच्याशी मला काय करायचंय? तो माझ्या वहीत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने टाचणीचे वडील आले. पाठीला किंचित पोक आलेला, बोलताना हात जोडणारा माणूस. अंथरूण बांधायला दोन रिकामी पोती घेऊनच आले होते. टाचणीने त्यांना दारात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि तिला काही विचारावं लागलं नाही.

ती बाईंच्या पाया पडायची बाकी राहिली होती, तेही तिने केलं. "बाई, नऊच दिवस राहिलेत. मी खोलीबाहेर पडणार नाही, फक्त परीक्षेला जाईन. वाटलं तर तुम्ही सोडायला या."

"माझी हरकत नाही," बाई वडिलांकडे बघून म्हणाल्या. "पण नऊ दिवसांत काय वाट्टेल ते होऊ शकतं. उद्या काही झालं तर मी जबाबदार नाही, असं मला तुमच्याकडून लिहून लागेल. लिहून देता?"

वडील घाबरले. त्यांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला. "परीक्षेला मी आणतो ना तुला. आत्ता घरी चल." आणि ते तिचे कपडे घडी करायला लागले, गिऱ्हाइकाचे कपडे करावेत तसे, एकेक बाही आत दुमडून. हा माणूस तिला घेऊन येणार नाही, हे मला त्या घड्यांवरूनच कळलं. कपाटात त्यांनी एक रुमालसुद्धा ठेवला नाही.

मुलगी स्वखुशीने खोली सोडत आहे, असा कागद बाईंनी लिहून तयार ठेवला होता. त्याची एक प्रत वडिलांना हवी होती. बाई मला म्हणाल्या, "काकांना झेरॉक्सचं दुकान दाखव."

मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिले. त्यांचा चेहरा नेहमीचाच होता. दुसरं दुकान कॉलेजच्या पलीकडे, वीस मिनिटांवर होतं आणि काकांना परतीची बस गाठायची होती. हेही मी सबब म्हणून सांगत नाही. न्यायचं असतं तर नेता आलं असतं. मी कोपऱ्यावर वळले.

त्याने कागद काचेवर ठेवण्यापूर्वी वाचला. मान वर करून आधी माझ्याकडे बघितलं, मग काकांकडे. "ताई खोली सोडतायत का?"

"हो. तब्येत बरी नसते तिची इथे," काका म्हणाले.

"अरेरे. परीक्षा जवळ आलीय ना त्यांची? काळजी घ्या." प्रत काढून त्याने दोन्ही कागद नीट जुळवून, पिन मारून दिले. काकांनी खिशात हात घातला तर म्हणाला, "राहू द्या हो काका, एका कागदाचे काय पैसे घ्यायचे."

परत येताना काका मला म्हणाले, "चांगला मुलगा आहे. शहरात अशी माणसंही असतात म्हणायची."

तोच तो, हे मी त्यांना सांगितलं नाही. सांगितलं असतं तर काका परत जाऊन काय करणार होते, हे मला माहीत नाही. पण मी सांगितलं हे बाईंना कळलं असतं, आणि मनगट धरलं तेव्हा मीही तिथे होते, हेही आलंच असतं. माझीही परीक्षा होती. हे मला तेव्हा कोपऱ्यापासून फाटकापर्यंतच्या साठ पावलांत स्पष्ट सुचलं.

टाचणी जाताना माझ्याशी बोलली नाही. मी पोत्याला हात लावायला गेले तर तिने ते आपल्याकडे ओढून घेतलं. प्रॅक्टिकलच्या दिवशी मी तिच्या कॉलेजच्या दाराशी सकाळी आठपासून बारापर्यंत उभी होते. ती आली नाही. पुढे दोन महिन्यांनी तिने एकदाच माझा फोन उचलला. वडिलांच्या दुकानात काजं-बटणं करते म्हणाली. मी रडायला लागले तर म्हणाली, "तू कशाला रडतेस? तुझं सगळं व्यवस्थित आहे ना," आणि फोन ठेवला.

ती गेली त्या संध्याकाळी साडेसातला हजेरी झाली. नवी वही होती. टाचणीचा क्रमांक सात होता आणि माझा आठ. बाईंनी सात म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी हजर म्हटलं. वरच्या मजल्यावर कुणी माझ्याशी धड बोलेना, आणि त्यांचं बरोबर होतं.

काही लोक म्हणतात, अशा बाईच्या आयुष्यात काहीतरी घडून गेलेलं असतं, म्हणून ती अशी होते. मी शोधलं. मला तसं काही सापडलं नाही. नवरा प्रेमळ होता, साठीत गेला. भावंडं भेटायला यायची. त्यांना नुसती स्वच्छ वही आवडायची.

आठवडाभरात टाचणीची कॉट बघायला एक आई आणि मुलगी आल्या. आई खिडक्यांचे गज हाताने ओढून बघत होती. मुलगी सतरा वर्षांची असेल, तिला खोली आवडली होती, ते तिला लपवता येत नव्हतं. बाईंनी वही दाखवली, वाक्य म्हटलं. आईचं समाधान होईना.

"तुम्ही म्हणताय ते ठीक आहे हो," ती म्हणाली, "पण मुली काय म्हणतात?"

बाईंनी मला हाक मारली. "हिला विचारा ना. तिसरं वर्ष आहे हिचं. सांग गं, आपल्याकडे कधी काही झालंय?"

बाईंच्या हातात वही उघडी होती. मी म्हटलं, "नाही."

आईने माझे दोन्ही हात हातात घेतले. डोळ्यात पाणी आलं तिच्या. "तू हिच्या खोलीत आहेस ना? मग मला काळजी नाही," म्हणाली, आणि मी तिच्या मुलीची बॅग उचलून वर नेली.