चोवीस जोड्या दांड्या

एक्याऐंशी सालच्या दिवाळीआधीचा शनिवार होता. खासबागेत आमच्या सोप्यात माझी बायको आणि शेजारच्या चौघी दर शनिवारसारख्या लेस विणत बसल्या होत्या. सहाव्या गल्लीतल्या म्हाताऱ्या आक्का. गच्च भरलेल्या उशीवर टाचण्या टोचून, दोरा गुंडाळलेल्या लाकडी दांड्या एकमेकींवरून टाकत विणायचं हे काम त्यांनीच सगळ्यांना शिकवलेलं. चुकलं असं त्या कुणाला म्हणत नसत. "मागं चल गं," एवढंच म्हणत आणि स्वतः उसवायला बसत.

त्या दिवशी बायकोला आक्कांच्याच विणीत चूक दिसली. तिचा हात थांबलेला आक्कांच्या ध्यानात आला.

"बोल की. कुठं?"

"चार बोटं मागं, आक्का. पीळ न्हाय पडला."

आक्कांनी उशी डोळ्यांजवळ नेली, मग विणीवरून बोट फिरवलं. "व्हय. आता दिसंना झालंय मला."

चार बोटांची वीण त्यांनी एकटीनं उसवली. मग उशीसकट आपल्या दांड्यांच्या चोवीसच्या चोवीस जोड्या बायकोला देऊन टाकल्या.

"याचे किती द्यायचे, आक्का?" मी विचारलं.

"पैसे नकोत, अण्णा. शनिवारची माझी जागा तेवढी ठेवा."

पुढच्या शनिवारी त्या रिकाम्या हातांनी भिंतीला टेकून बसल्या. दांड्यांची टकटक चालू होती.

"थांब गं," त्या डोळे मिटूनच बायकोला म्हणाल्या. "एक टक कमी आली."

मी वाकून पाहिलं. एक पीळ राहिला होता.

ती जागा आम्ही त्यांच्यासाठी शेवटपर्यंत ठेवली.