मारेकऱ्याचं तोंड

गी-बोंगला मी इतक्या वेळा मेलेला पाहिलाय की आता मोजदादच नाही. सकाळी जपानी शिपाई होऊन घोड्यावरून पडायचा, दुपारी मंचुरियातला डाकू होऊन छपरावरून. आणि मेल्या मेल्या कपडे झटकत माझ्या जेवणाच्या ट्रकपाशी हजर. "मावशी, खरवड उरलीय का?" मरून माणसाला एवढी भूक लागते, हे मला त्याच्यामुळे कळलं.

सिनेमावाल्यांना जेवू घालणं हा माझा धंदा. सगळे मला मावशीच म्हणतात. आणि दुसऱ्याच्या भानगडीत नाक खुपसायची मला जन्माची खोड. भात वाढता वाढता मी माणसाच्या सात पिढ्यांची चौकशी करते. गी-बोंगबद्दल मला एकच कोडं होतं. इतकी वर्षं सिनेमात काम करतो, मग मेल्याचं तोंड एकाही सिनेमात कसं दिसत नाही?

एकदा विचारलंच. तर हसला. "मावशी, शिपाई-डाकू होऊन मरतो तो पालथाच. बाकी वेळ मी हिरोच्या जागी पडतो. माझं तोंड दिसलं तर हिरो पडला असं लोकांना कसं वाटेल?"

म्हणजे पाठ, टोपी आणि बुटांच्या टाचा, एवढंच त्याचं पडद्यावरचं आयुष्य. त्याची मुलगी ना-रे लहान होती तेव्हा थिएटरात कुणाच्याही पाठीकडे बोट दाखवून ओरडायची, "ते माझे बाबा!" मोठी झाली तशी तिनं बोट दाखवणं सोडलं. हे सांगताना त्यानं वाडग्यातली खरवड उगाच चमच्यानं ढवळली, आणि मला वाईट वाटलं.

पन्नाशी उलटल्यावर मात्र त्याचं नशीब फळफळलं. पश्चिम किनाऱ्यावर समुद्र मागे हटवून केलेलं एक मोठं माळरान आहे. तिथं आमच्या लोकांनी मंचुरिया उभा केला होता. गोऱ्यांच्या काऊबॉय सिनेमात असतं ते सगळं होतं, घोडे, पिस्तुलं, खजिन्याचा नकाशा. फक्त आमचे डाकू गोळीबार मध्येच थांबवून आधी नूडल्स संपवतात. त्यात गी-बोंगला सुपारी घेतलेल्या मारेकऱ्याचं काम मिळालं. खरंखुरं, तोंडासकट!

काम लहानच. मारेकरी वाटेवरच्या एका खानावळीत शिरतो. समोर डाकूंचा म्हातारा सरदार. सरदार पेला भरून देतो. मारेकरी त्याच्या डोळ्यांत डोळे घालून तो एका घोटात पितो आणि गोळी घालतो.

"ना-रेला सांगून ठेवलंय," तो मला म्हणाला. "म्हटलं, या वेळी मला शोधावं लागणार नाही."

आता घोडं अडलं ते इथं. सरदार झाले होते मेंग मास्तर. सत्तरी ओलांडलेला माणूस. तरुणपणी हान नदीच्या वाळूत असेच सिनेमे गाजवलेले. गी-बोंगचा बाप लवकर गेला. घोड्यावरून पडायचं कसं ते त्याला मास्तरांनी शिकवलं, आणि प्यायचं कसं तेही. आमच्यात दारूसुद्धा वडीलधाऱ्याकडूनच शिकायची असते. पेला दोन्ही हातांनी घ्यायचा, तोंड बाजूला वळवायचं, मध्ये हात धरायचा आणि मग प्यायचं. मोठ्यांच्या तोंडावर पिणं म्हणजे निव्वळ उर्मटपणा. पहिल्यांदा घोड्यावरून वाईट पडून गी-बोंगचा डावा खांदा मोडला, त्याच संध्याकाळी मास्तरांनी त्याला पहिली माकगली पाजली, आमची तांदळाची दारू. खांदा जुळला, पण मान डावीकडे वळायची बंद झाली ती कायमचीच. तेव्हापासून तो उजवीकडेच वळून पितो.

खानावळीतल्या बाटलीत माझाच जवाचा चहा होता. तो भरायला मी गेले आणि तिथंच रेंगाळले. गी-बोंग आत आला तो काय आला! मला क्षणभर खरंच भीती वाटली. मास्तरांनी पेला भरला. गी-बोंगनं दोन्ही हात पुढे केले, पेला घेतला आणि मान उजवीकडे वळवून, भिंतीकडे तोंड करून, नव्या सुनेसारखा हळूच प्यायला. कॅमेऱ्याला दिसलं काय? मानगूट!

"कट! अहो, मारायला आलाय तुम्ही त्यांना!" दिग्दर्शक बाई ओरडली. तिशीतली पोरगी, पण आवाज खणखणीत.

पुन्हा केलं. पुन्हा तेच. "अहो, चहा आहे तो!" पुन्हा. तेच. लोक आधी हसले, मग कंटाळले. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. हा तर इतक्यांदा मेला, तरी खोड काही जाईना. शेवटी बाई म्हणाली, "जेवणानंतर एकदाच. नाही जमलं तर दुसरा घेऊ." आणि एका तरण्याला मिशी चिकटवायला बसवलंसुद्धा. गी-बोंगचं तोंड पांढरंफटक पडलं.

जेवणाच्या सुट्टीत मी त्याला ट्रकमागे ओढला. "हं, घे पेला. मला मास्तर समज. बघ माझ्याकडे." त्यानं पेला घेतला, दोन्ही हातांनी, आणि वळला की उजवीकडे.

"अरे मुडद्या, मी काय तुझी सासू आहे?"

"मोठ्या आहात ना, मावशी."

"मग डोळे मिटून पी!"

"मावशी, ठरवून जातो हो. पण मास्तरांनी बाटली उचलली की मान आपोआप वळते." "ना-रेला काय सांगू?" मागं पाहिलं तर मेंग मास्तर भाताचा वाडगा घेऊन उभे. त्यांनी सगळं ऐकलं होतं. वाडगा तसाच घेऊन ते निघून गेले.

दुपारी मास्तरांनी नवीनच खूळ काढलं. "मी त्या बाजूला बसणार. गी-बोंगला इकडे बसवा."

"का हो, मास्तर?" बाईनं विचारलं.

"खिडकीतलं ऊन डोळ्यांवर येतं."

मी खिडकीकडे पाहिलं. ती पुठ्ठ्यावर रंगवलेली होती. म्हाताऱ्याला भ्रम झाला की काय? पण मास्तरांना नाही कोण म्हणणार? खुर्च्यांची अदलाबदल झाली.

मास्तरांनी पेला भरला. गी-बोंगनं दोन्ही हातांनी घेतला आणि वळला. झालं! मी कपाळावर हात मारला. पण मास्तर थांबले नाहीत. त्यांनी पिस्तूल काढून त्याच्या कानशिलावर धरलं आणि शांतपणे सांगितलं, "संपव. घाई नाही." गी-बोंगनं थेंबन् थेंब संपवला आणि मान न वळवताच काखेखालून गोळी झाडली. मास्तर टेबलावर कोसळले. तेव्हा कुठं हा भानावर आला आणि तोंडातून निघून गेलं, "माफ करा, मास्तर!"

सगळे खो खो हसले. मेलेल्या मास्तरांची मिशीसुद्धा हलत होती. गी-बोंगला वाटलं, आपलीच टर उडवतायत. बाई मागं धावत आली, "असंच ठेवणार आहे मी हे!" म्हणाली. पण त्याचा विश्वास बसेना. त्या दिवशी त्यानं खरवडसुद्धा मागितली नाही.

"गेलं, मावशी. परत मानगूटच."

सिनेमा लागला तेव्हा त्यानं मलाही नेलं. त्याच्या डावीकडे मास्तर, उजवीकडे मी, पुढच्या रांगेत ना-रे आणि तिचा होणारा नवरा. तो प्रसंग आला. मास्तरांनी पेला दिला, मारेकरी उजवीकडे वळला, आणि सबंध पडदाभर गी-बोंगचं तोंड! सुरकुत्या, गालावरचा व्रण, पिताना मिटलेले डोळे, सगळं. खुर्च्या बदलल्यामुळे आता त्याच्या उजवीकडे भिंत नव्हती, कॅमेरा होता. तेव्हा मला ते पुठ्ठ्यावरचं ऊन कळलं. मी मास्तरांकडे पाहिलं. म्हातारा समोर बघत शेंगदाणे खात होता.

आणि ना-रे, एवढी लग्नाची पोरगी, खुर्चीतून उठली आणि बोट दाखवून ओरडली, "ते माझे बाबा!"

गी-बोंगनं तोंड फिरवलं. मास्तरांसमोर रडायचं कसं? तो उजवीकडेच वळला, माझ्याकडे.