शेवाळाखालची पत्रकं

ताक सांडलेल्या ओल्या विटेचा वास आला, की मी पुन्हा जालन्याच्या त्या बागेत अडकतो.

निजामी अंमलाचे शेवटचे महिने होते. एका अंमलदाराच्या कारंज्याभोवती रहीमचाचा शोभेचं शेवाळ वाढवायचे. ते चुरून ताकात कालवायचे, विटांवर लेप द्यायचे आणि दिवसातून तीनदा पाणी शिंपडायचे. मी त्यांच्या हाताखाली माळी बनून लपलो होतो. निजामाविरुद्धची, शाईनं लिहिलेली आमची पत्रकं त्याच विटांखाली होती. ती भिजू नयेत म्हणून मी दोन दिवस पाणी चुकवलं.

झडतीला आलेला जमादार नेमका तिथंच थबकला. "चाचा, इथलंच शेवाळ कसं वाळलं?"

चाचांनी झारी माझ्या हातात कोंबली. "हा कामचोर झोपून राह्यला, हुजूर! घाल पाणी, जल्दी!"

जमादार हसत उभाच राहिला. माझ्याच हातानं मी माझी अक्षरं बुडवली.

तो गेल्यावर मी चाचांना भेकड म्हणालो.

"वाळलेली वीट त्यानं उचलून पाहिली अस्ती, बेटा," एवढंच ते बोलले.

नंतर मी पुष्कळ पत्रकं लिहिली. त्या एका शब्दाची माफी मात्र लिहायची राहिली.