होडीचा नंबर

पावसाळी बंदी लागली की थळचे कोळी होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारतात. आमचे शेजारी धर्माकाका होडीबरोबर फोनही शाकारायचे. जाळी, इंजिनाचं सामान आणि तो बटणांचा फोन, सगळं प्लास्टिकात गुंडाळून माळ्यावर. "ह्यो होडीचा नंबर हाय. होडी निजली का त्योपन निजला," म्हणायचे. मी हसलो की चिडायचे. नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात गेली की मगच रिचार्ज.

तो नंबर होडीवर त्यांच्या मुलानं, महेशनं रंगवला होता. होडी चालवणार नाही म्हणून तो भांडला आणि परदेशी जहाजावर गेला. "परत त्वांड दाखवू नको," असं काका बोलून बसले होते.

त्या साली इंजिन बिघडलं आणि होडी दिवाळीतच वर घेतली. फोन अजून माळ्यावर गेला नव्हता. त्यानंतर थोड्याच दिवसांनी महेशचा फोन आला, कुणाच्या तरी फोनवरून. जहाज अडकलंय, पगार नाही, आमचे फोन काढून घेतलेत, पाठ आहे तो हाच नंबर. पुन्हा करतो म्हणाला आणि लाइन तुटली. काकांना बोलायला मिळालंच नाही.

तेव्हापासून फोन त्यांच्या उशाशी. चार्जिंग चुकवायचे नाहीत, पण रिचार्ज मात्र रिवाजाप्रमाणे होडी उतरेल तेव्हा. येणाऱ्या फोनला पैसे कशाला लागतील? दिवा लागायचा, म्हणजे फोन चालू, असं ते धरून चालले. पौर्णिमेला रिचार्ज होईना, तेव्हा मी त्यांना अलिबागच्या दुकानात नेलं. नंबर केव्हाच बंद होऊन दुसऱ्याला गेला होता. नंबर कंपनीचा असतो, गिऱ्हाईक फक्त वापरतं, असं तिथल्या मुलीनं नीट समजावलं.

काका शांतपणे म्हणाले, "नंबर तुमचा असंल, बाय. त्याच्यावर हाक मारतो त्यो प्वार माझा हाय."

मी त्या नंबरावर फोन लावला. नांदेडचे एक शिक्षक होते. म्हणाले, आषाढात कुणीतरी सारखं बाबांना द्या म्हणत होतं. राँग नंबर सांगितलं तरी ऐकेना, शेवटी ब्लॉक केला. मला त्या भल्या माणसाचा भयंकर राग आला. काकांनी फोन मागून घेतला आणि म्हणाले, "गुरुजी, परत फोन केलान तर सांगा, बाबा रागावला न्हाय."

गुरुजींनी ब्लॉक काढला. फोन आला नाही. शिमग्याच्या आधी काका गेले. गुरुजींना मी कळवलं. त्यांनी विचारलं, "आता फोन आला तर काय सांगू?"

मी म्हटलं, "तेच सांगा."