ओढ्याला वळणे परत देणाऱ्या सुनंदाताई

सुनंदाताईंची आणि माझी पहिली ओळख झाली ती त्या माझ्यावर ओरडल्या तेव्हा. माघी पौर्णिमा होती. जर्मनीतल्या थंडीत माघस्नान कुठले जमायला! म्हणून गावामागच्या ओढ्यात निदान पाय तरी बुडवावेत, या विचाराने तांब्या घेऊन गेले. बूट काढले तोच मागून हाक आली, "अहो वहिनी, थांबा! त्या खडीत सॅमन माशांची अंडी ठेवलीत!"

"मग माझ्या स्नानाचे काय?" मी म्हटले.

त्यांनी माझाच तांब्या घेतला, खालच्या वळणावरून भरून आणला आणि माझ्या पायांवर ओतला. "झाले स्नान. आता आधी मोजे घाला." ताई बौद्ध, व्रतवैकल्ये न मानणाऱ्या; पण माझ्या व्रताला त्या हसल्या नाहीत.

हा ओढा पूर्वी काँक्रीटच्या सरळ नाल्यात कोंडलेला होता. जलअभियंता म्हणून ताईंनी ते काँक्रीट फोडून घेतले, वळणे परत आणली, माशांसाठी खडी अंथरली, पुराला पसरायला शेजारचे कुरण मोकळे केले. गाव मात्र धास्तावलेले. घरांत पाणी शिरले तर नाला पुन्हा बांधायचा, असे सभेत ठरलेच होते.

त्याच महिन्यात पाऊस लागला तो थांबेना. एके दिवशी सकाळीच ओढा काठोकाठ. शेजारचे म्हातारे हेर फोगेल, म्हणजे फोगेलसाहेब, भिजत ओरडत होते, "सरळ होता तेव्हा शहाणा होता! माझे तळघर बुडाले तर?"

"आधी माझे बुडेल, हेर फोगेल," ताई म्हणाल्या.

खरेच होते ते. काम सुरू होण्याआधीच ताईंनी गल्लीतले सर्वांत खालचे घर भाड्याने घेतले होते. दुसऱ्याच्या दाराशी जोखीम ठेवून आपण उंचावर राहायचे, हे त्यांना कधी जमले नाही.

दुपारी पाणी त्यांच्या तळघराच्या खिडकीला टेकले. मी नामस्मरण करत होते. ताई पाण्याची रेघ बघत होत्या. मग पलीकडे पाणी कुरणात शिरले, पसरत गेले. थोड्या वेळाने खिडकीखाली ओली रेघ उघडी पडली. फोगेल पुटपुटले, "गेनाऊ," म्हणजे 'बरोबर'. त्यांच्याकडून एवढेही पुष्कळ.

अंडी वाचली की वाहून गेली, हे मात्र लगेच कळणार नव्हते. उन्हाळ्यात बोटाएवढी पिल्ले दिसली, तेव्हा ताई पहिल्यांदा रडल्या. ती पिल्ले पुढे समुद्राकडे गेली. मोठे झाले की सॅमन जन्मल्या ओढ्यातच परततात; अजून एकही परतलेला नाही. दर कार्तिकात ताई काठावर वाट बघत उभ्या असतात. मीही आता कार्तिकातला दिवा पाण्यात न सोडता काठावरच ठेवते.

ताईंना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. माझे देव त्या मानत नाहीत, तरी मी त्यांच्यासाठी मागणे देवाकडेच मागते. त्यांचे गुडघे ओल्या काठावर उभे राहण्याइतके ठणठणीत राहोत, नजर तळाची खडी दिसण्याइतकी स्वच्छ राहो, आणि पहिला सॅमन घरी येईल तेव्हा त्याला बघायला ताई तिथेच असोत. त्या दिवशी तांब्या मी भरून आणीन, खालच्या वळणावरूनच.